मागची पानं

ठकूआक्काचे हात थांबले.

मी तिच्या समोरच बसले होते. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, शेजारी ओल्या फडक्यात गुंडाळलेली तेंदूची पानं. दुपार कलली होती आणि ओट्यावरचं ऊन माझ्या पायाच्या अंगठ्यापर्यंत आलं होतं. रत्नमाला भिंतीला टेकून पुस्तक वाचत होती. ठकूच्या बोटांत अर्धी वळलेली विडी होती, दोऱ्याचं टोक तिच्या दातांत होतं, आणि ती तशीच बसून राहिली होती. डोळे रत्नमालाच्या तोंडाकडं.

सहा वर्षं मी ठकूला वाचून दाखवत होते. सहा वर्षांत तिचे हात एकदाही थांबले नव्हते.

"आक्का, दोरा," मी म्हटलं.

"अं?"

"दोरा चावतेस तू."

तिनं दोरा सोडला, विडी बांधली, सुपात टाकली. माझ्या नाही, स्वतःच्या. मग रत्नमालाला म्हणाली, "मंग? त्या सासऱ्यानं काय केलं?"

त्याला आता पस्तीस वर्षं होत आली. पण ती विडी कुणाच्या सुपात पडली ते मी अजून विसरलेले नाही.

आमची रीत साधी होती. सिन्नरात तेव्हा घरोघरी बायका विड्या वळायच्या. मी सातवी शिकलेली, ठकूला अक्षर ठाऊक नाही. मी वाचायला बसले की माझे हात पुस्तकात अडकायचे, म्हणून ठकू दोघींच्या विड्या वळायची. एक तिच्या सुपात, एक माझ्या सुपात. डावी, उजवी, डावी, उजवी. तिच्या त्या चालीवर माझं वाचणं चालायचं. जात्यावर बसल्यासारखं, एका सुरात, घोळत घोळत. वाचणारीच्या वाटच्या विड्या ऐकणारीनं वळायच्या, हे आमच्यात कुणी ठरवलं नव्हतं. पहिल्या दिवशी तिनं वळल्या, मग ते तसंच राहिलं.

पुस्तकं मी बन्सीशेठच्या दुकानातून आणायची. शेठ रद्दी तोलून घ्यायचा आणि साखर, जिरं, हळद पुड्यांत बांधायचा. पुठ्ठा, नावाच्या पहिल्या पानांसकट, आधीच काढून वेगळा विकलेला असायचा. पुस्तक आलं की तो मागून फाडत यायचा. उरलेलं पुस्तक मी मागून घ्यायची. "घे बाई, तुला काय, पुढचं तर सगळं हाये," असं म्हणून तो हसायचा.

त्यामुळं आमच्या पुस्तकांना नाव नव्हतं, लिहिणाऱ्याचं नाव नव्हतं. आम्हीच ठेवायचो. दोन भावांचं पुस्तक. विहिरीचं पुस्तक. मास्तरणीचं पुस्तक. आणि त्यांना शेवटही नव्हता. पण ते एकट्या मला ठाऊक होतं.

पान संपायचं, वाक्य मधेच तुटायचं, "आणि तो दाराशी येऊन" एवढ्यावर. मी नजर पानावरच ठेवायची आणि त्याच सुरात पुढं बोलत राहायची. दोन भावांना मी बांधावर भेटवलं. मास्तरणीची बदली रद्द करून टाकली. विहिरीला पाणी लागलं. ठकू सुस्कारा टाकायची, म्हणायची, "बरं झालं बाई." आणि दुसऱ्या दिवशी तिच्या जात्यावर त्या गोष्टीची ओवी झालेली असायची. गिरण्या आल्या होत्या, पण ठकू भरडा, डाळ अजून जात्यावरच काढायची. मी भिंतीपलीकडून ऐकायची. माझ्या तोंडचा शेवट तिच्या गळ्यातून येताना मला वाटायचं, एवढं मला पुरे आहे. दुसरं काही नको.

रत्नमाला मार्गशीर्षात आली. तिचा नवरा तालुक्याच्या कचेरीत कारकून. आमच्या आळीच्या टोकाची खोली त्यांनी भाड्यानं घेतली. बारावी झालेली, नाशिकची, केसांत फूल न माळणारी. पहिल्या दिवशी माझा आवाज ऐकून ती ओट्यापाशी थबकली.

"तुम्ही वाचता?" मला म्हणाली. जणू मी झाडावर चढले होते.

"का? वाचू नये?"

"तसं नाही हो. मला वाटलं, कुणी पोथी सांगतंय. बसू का जरा?"

ठकूनं तिला गोणपाट सरकवून दिलं. तिथंच सगळं झालं.

चार दिवसांनी ती आपलं पुस्तक घेऊन आली. सार्वजनिक वाचनालयातलं. खाकी कागदाचं कव्हर, पाठीवर आकडा, आत तारखांचे शिक्के. तिनं मधूनच उघडून दोन पानं वाचली. सासऱ्याचा आवाज वेगळा, सुनेचा वेगळा, मोलकरीण बोलली तर नाकातून. ठकू पोट धरून हसली. मग ते पहिल्यापासून सुरू झालं. आणि त्याच पुस्तकाच्या तिसऱ्या दिवशी ठकूचे हात थांबले.

मी घरी येऊन एकटीनंच नाकातून बोलून पाहिलं. माझा नवरा म्हणाला, "पडसं झालं का?"

मग रोजचंच झालं. मी पुस्तक काढलं की ठकू म्हणायची, "ऱ्हाऊ दे कौसा, तुझा घसा दुखंल. रत्ना येतीया." तिचं रत्नमालाचं रत्ना कधी झालं ते मला कळलं नाही. रत्नमालानंही 'ठकूबाई' सोडून 'मावशी' धरलं. मी मात्र 'कौसल्याताई, तुम्ही' अशीच राहिले. ती वाचायची आणि विड्या मी वळायची. एक माझ्या सुपात. ठकूच्या सुपात ठकूची. रत्नमालाला सूप नव्हतंच.

एकदा ती म्हणाली, "मावशी, मलाही शिकवा ना."

ठकूनं तिच्या मागं बसून, दोन्ही हात तिच्या हातांवर ठेवून विडी वळून दाखवली. पान असं, तंबाखू अशी पसरायची, आता बोट फिरव, टोक मोड. रत्नमालाची विडी मधेच फुगली.

"काय गं बाई, ही विडी का गाभण गाय?" ठकू म्हणाली. दोघी हसून हसून लोळल्या.

"वेणी पण घालून दे तिला," मी म्हटलं.

ठकूनं माझ्याकडं पाहिलं. "तुझी घालू का? ये हिकडं."

"माझी माझी येते मला."

कोण जाणे, त्या वेळी मी पुढं सरकले असते तर.

मग आली ती सकाळ. मी ओटा झाडत होते. ठकूच्या घरात जातं फिरत होतं, आणि ती सुमतीची ओवी म्हणत होती. माझी सगळ्यात आवडती.

*सुमती ग आली घरा, दिवेलागण झाली दारी*
*माय म्हणे लेकी माझे, तुझी वाट किती भारी*

सुमतीचं पुस्तक मी दोन वर्षांपूर्वी वाचलेलं. तेव्हा ठकूचा नवरा जाऊन पंधरवडा झाला होता. ठकूची एकुलती एक लेक येसू. येवल्याच्या एका विणकराबरोबर ती निघून गेली, जात दुसरी. बापानं भर आळीत सांगितलं, माझी पोरगी मेली. तो होता तोवर घरात येसूचं नाव निघालं नाही. तो गेल्यावर ठकू म्हणाली, "आता कळंल तिला. आता येईल." मी तेव्हा रद्दीतून जे पुस्तक आणलं, त्यातली सुमतीही अशीच बापानं घालवलेली निघाली. पुस्तक तुटलं ते सुमती एसटीच्या स्टँडवर तिकीट हातात घेऊन उभी असताना. त्यापुढं पान नव्हतं. समोर ठकू होती. डावी, उजवी, डावी, उजवी. मी सुमतीला गाडीत बसवलं, दिवेलागणीला दारात आणलं, आणि आईच्या गळ्यात घातलं. दुसरं काय करणार होते?

रत्नमाला पाण्याची घागर घेऊन चालली होती. ती ओवी ऐकून दाराशी थांबली.

"मावशी, ही सुमती कोण?"

"पुस्तकातली. कौसानं वाचलेली. बापानं काढलेली पोर, मंग ती नर्सबाई होती…"

"अगंबाई! मी वाचलीय ती. आमच्या वाचनालयात आहे." आणि मग तिचा चेहरा जरा बदलला. "पण शेवट…"

"शेवटाचं काय?"

रत्नमालानं माझ्याकडं पाहिलं. माझ्या हातात झाडू होता. मी तिच्याकडं असं पाहिलं असेल की तिनं घागर या कमरेवरून त्या कमरेवर घेतली.

"मला नीट आठवत नाही," ती म्हणाली. "आणते मी. पुन्हा वाचू सगळ्या."

तिनं मला झाकलं होतं. आज ते दिसतं. तेव्हा मला दिसलं ते एवढंच, की आता हिच्या हातात माझी दोरी आली.

वाचनालय दहाला उघडायचं. मी साडेनऊपासून पायरीवर उभी होते. रत्नमाला स्वयंपाक उरकून दुपारी जायची, ते मला ठाऊक होतं.

आत गेले आणि पाय थबकला. भिंतीएवढी कपाटं. काचेमागं पुस्तकं, एकाला एक खेटून उभी. सगळ्यांना पुठ्ठे. सगळ्यांना पाठी. म्हणजे सगळ्यांना मागची पानं. सहा वर्षं मी बन्सीशेठपुढं पदर पसरत होते आणि हे इथं, कापड बाजाराच्या मागच्या गल्लीत, उभं होतं. मी तिथून शंभरदा गेले असेन. आत जायला कुणी नको म्हटलं नव्हतं. आत जायचं असतं हे कुणी सांगितलंही नव्हतं.

चष्मेवाल्या म्हाताऱ्या ग्रंथपालांनी विचारलं, "काय पाहिजे बाई?"

"सुमतीचं पुस्तक."

"नाव काय पुस्तकाचं?"

"ते नाही माहीत. सुमती म्हणून मुलगी असते. बाप घालवून देतो. मग ती नर्स होते. एक खोडकर पेशंट असतो, त्याला पेरू आवडतात."

ते हसले नाहीत. उठले, तिसऱ्या कपाटापाशी गेले, वरच्या फळीवर बोट फिरवलं आणि पुस्तक काढलं. "हे का बघा."

त्याला नाव होतं. खाली बाईचं नाव होतं, लिहिणारीचं. ती नावं मी इथं लिहीत नाही, आमच्यात ते सुमतीचंच पुस्तक राहिलं. मी वर्गणी भरली, अर्जावर सही केली. कौसल्या दामोदर सांगळे. आणि पुस्तक पदराखाली घेऊन बाहेर पायरीवर येऊन बसले. मागची पानं उघडली.

सुमती स्टँडवर होती. तिकीट हातात होतं. माझं पान जिथं फाटलं होतं, तिथून पुढं ती गाडीत बसली. गावात उतरली. दिवेलागण झालीच होती, तेवढं माझं बरोबर आलं. ती घरापाशी गेली. दाराला आतून कडी होती. फटीतून दिव्याचा उजेड येत होता, आत आई काहीतरी पाखडत होती, सुपाचा आवाज येत होता. सुमतीनं कडी वाजवायला हात वर केला. तिला वाटलं, आई माझी वाट बघत असती तर दार नुसतं लोटलेलं असतं. हात खाली घेतला. आली तशी परत गेली, त्याच गाडीनं. आई पाखडतच राहिली. तिला शेवटपर्यंत कळलं नाही.

एवढंच. मी पुन्हा वाचलं. मग पुस्तक मिटलं आणि पहिल्यांदा मनात काय आलं ते लपवत नाही. ठकूसाठी वाईट वाटलं नाही. मला वाटलं, हे तिनं ऐकलं की मी खोटी पडणार, आणि रत्नमाला खरी.

मी पुस्तक घरी आणलं, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलं, आणि तेंदूच्या पानांच्या पोत्याखाली घातलं.

दुसऱ्या दिवशी रत्नमाला सांगत आली, "मावशी, पुस्तक बाहेर गेलंय. कालच कुणी नेलं म्हणे."

"मला बरी लागली ओढ," ठकू म्हणाली, "तर नेमकं गेलं."

"तुला सगळं ठाऊक तर आहे त्यातलं," मी म्हटलं.

"हाये गं. पर पुन्यांदा ऐकावंसं वाटतं. सुमती घरला येती ना, तेवढंच."

आठवड्यानं मी गुपचूप जाऊन मुदत वाढवून आणली. ग्रंथपाल म्हणाले, "दुसऱ्या एका बाईंची मागणी लिहिलेली आहे. या खेपेला वाढवतो, पुढं नाही." तरी मी पुढचे पंधरा दिवस गेलेच नाही. रोज पोत्याकडं पाहायची. पोतं मला सुमतीसारखं वाटायला लागलं, दाराशी येऊन बसलेलं.

त्या दिवसांत रत्नमालानं दुसरं पुस्तक लावलं होतं. मी ऐकत नव्हते. ठकूचे हात मोजत होते, कितीदा थांबतात ते.

एका सकाळी ठकूची पानं संपली. कारखान्यातून मिळायला अजून दोन दिवस होते. ती माझ्या घरात आली. मी मोरीत भांडी घासत होते.

"कौसा, चार मुठी पानं काढू का गं? मंग भरीन."

"काढ की," मी म्हटलं. म्हटलं आणि मग कळलं.

हात राखेचे, तशीच धावले. ठकूनं पोतं कलंडलं होतं. तिच्या हातात पिशवी होती. पिशवीत ओल गेलेली, पुस्तकाचा खाकी कागद फुगलेला, तेंदूच्या पानांचा तो कडवट वास त्याला चढलेला. तिला वाचता येत नव्हतं. पण पाठीवरचा आकडा, खाकी कव्हर, शिक्के, हे सगळं आता तिला ठाऊक होतं.

"हे वाचनालयाचं," ती म्हणाली.

मी कलंडलेलं पोतं सरळ केलं.

"तुझ्याकडं कसं? आन हे पोत्याखाली?"

तिनं माझ्या उत्तराची वाट पाहिली. बरीच पाहिली. मग पुस्तक घेऊन बाहेर ओट्यावर गेली आणि हाक मारली, "रत्ना! ए रत्ना! ये गं जरा."

रत्नमाला आली. ठकूनं पुस्तक पुढं केलं. "कोन्तं हाये बघ."

रत्नमालानं कव्हर उलटलं, पहिलं पान पाहिलं. मग माझ्याकडं पाहिलं. मग खाली. "सुमतीचं," ती म्हणाली. हळू.

"शेवट वाच."

"आक्का, दे, मी वाचते," मी म्हटलं. माझ्या हातांची राख पदराला पुसत मी पुढं झाले. "मी वाचते ना. मीच वाचलंय तुला ते."

"तू नको," ठकू म्हणाली. "तिला वाचू दे."

तिनं आवाज चढवला नाही. सहा वर्षांत तिनं मला कधी काही नको म्हटलं नव्हतं.

रत्नमाला उभ्यानंच वाचायला लागली. या वेळी तिनं आवाज काढले नाहीत. सपाट वाचलं, माझ्यासारखं. ठकूनं सवयीनं ओट्यावरचं माझं सूप, पानांसकट, मांडीवर ओढलं होतं. सुमती गाडीत बसली तोवर हात चालत होते. दाराशी आली, कडी आतून होती. ठकूच्या बोटांतली विडी सुटली, पान आपोआप उलगडलं, तंबाखू लुगड्यावर सांडली. तिनं झटकली नाही.

वाचून झालं. आळीत कुणाच्या तरी घरी उखळात मिरच्या कुटत होते, तेवढाच आवाज.

"आतून कडी होती?" ठकूनं विचारलं.

"हो, मावशी."

"आन माय आतच?"

"हो."

"पाखडत होती."

"हो."

ठकू माझ्याकडं वळली. मला वाटलं, आता म्हणेल, खोटारडी. म्हणाली असती तर बरं झालं असतं.

"कौसा, तू तिला घरात आनलीस," ती म्हणाली. "मी म्हटलं, येत्यात पोरी अशा. आपसूक येत्यात. बाप गेला, आता येईल. दोन वर्सं मी कडी लावून आत बसले गं. पाखडत."

"आक्का, मला पान मिळालं नव्हतं. बन्सीशेठनं फाडलं होतं. तुझं तोंड बघून मी…"

"तवा न्हवतं मिळालं. आता मिळालं ना? आता का पोत्याखाली?"

याला माझ्याकडं उत्तर होतं. ते रत्नमाला समोर उभी असताना मला देता आलं नाही. आणि रत्नमाला नसती तर ते उत्तरही नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला ठकू माझ्या दारात आली. ठेवणीतलं हिरवं लुगडं, हातात कापडी पिशवी. पिशवीत भाजलेल्या डाळीचा घमघमाट.

"येवल्याला चालले. येतीस?"

तिच्या मागं, चार पावलांवर, रत्नमाला उभी होती. पायात चपला, खांद्याला पर्स.

मी म्हणू शकले असते, थांब, लुगडं बदलते. माझं लुगडं तसं चांगलंच होतं. मी म्हटलं, "आज विड्या पोचवायच्या आहेत. तुम्ही जा दोघी."

ठकूनं पदर खांद्यावर ओढून घेतला. "बरं," म्हणाली. स्टँडच्या बाजूला त्या निघाल्या. वळणावर रत्नमालानं मागं वळून पाहिलं. ठकूनं नाही.

चार दिवस मी ओट्यावर एकटी बसले. एकदा विहिरीचं पुस्तक काढलं, मोठ्यानं वाचायला लागले. आवाज चालेना. समोर डावी-उजवी नव्हती. विहिरीला पाणी लागतं तिथवर आले आणि आठवलं, हे पाणी मीच लावलेलं. पुस्तकात विहीर कोरडी राहिली असेल. कोण जाणे.

पाचव्या दिवशी संध्याकाळी त्या आल्या. ठकू सरळ घरात गेली. रत्नमाला माझ्याकडं आली, पाणी मागितलं. पिऊन झाल्यावर आपण होऊनच सांगितलं.

"मावशीचा हातच वर होईना हो. दाराशी गेलो, आत मागाचा खटखट आवाज, आणि मावशी नुसत्या उभ्या. मागं फिरायला लागल्या. मग मी कडी वाजवली."

"येसूनं उघडलं?"

"हो. पोर होती कडेवर, दीड वर्षांची." तिनं तांब्या खाली ठेवला. "येसू म्हणाली, बाबा गेल्याचं कळलं होतं. आई बोलवेल म्हणून वाट पाहिली. दिवाळीला येणार आहेत सगळे."

"बरं झालं," मी म्हटलं. ठकूच्याच शब्दांत.

"कौसल्याताई," ती उठताना म्हणाली, "पुस्तकाची मुदत उलटलीय. मी परत देऊन येऊ का?"

"माझ्या नावावर आहे. मी देईन."

आता कुणी मला विचारलं, त्या सगळ्यात तुला काय बोचतं, तर पुस्तक लपवलं ते मी सांगत नाही. ती कडी बोचते. ती माझ्या हातानं वाजायची होती. सातची गाडी, दाराशी ठकू, माझी ठकू, आणि मी विड्या पोचवत होते. खरं तर त्या दिवशी विड्या पोचवायच्याही नव्हत्या.

दोन दिवसांनी पहाट झाल्यावर भिंतीपलीकडं जातं सुरू झालं. मी चूल पेटवायची सोडून भिंतीला कान लावला. येवल्याची ओवी होती. येसूची झाली, जावयाच्या मागाची झाली, नातीच्या पायातल्या वाळ्यांची झाली. मग,

*येवल्याच्या ग वाटंला, ऊन लागलं डोळ्यांला*
*रत्ना माझी सावली ग, कडी वाजवी दाराला*

मी थांबले. आपलं नाव येईल म्हणून. ओवीत तिनं कुणाला सोडलं नव्हतं, एसटीचा कंडक्टरसुद्धा आला. पायलीभर दळण झालं. माझं नाव आलं नाही.

मी उठले आणि तिच्या घरात गेले. दार लोटलेलं होतं, कडी नव्हती. ती जात्याभोवतीचं पीठ फडक्यानं गोळा करत होती. वर पाहिलं नाही.

"ऐकलंस का सगळं?" म्हणाली.

"ऐकलं. कंडक्टरचीही ऐकली."

"चांगला होता बिचारा. जागा दिली बसायला."

मी समोर टेकले. बराच वेळ ती फडकंच फिरवत राहिली.

"तुझी पन धरली व्हती," ती म्हणाली. "गाडीतच धरली, जाताना. एक ओळ झाली. दुसरी न्हाई."

"म्हण ना."

तिनं मूठभर डाळ जात्याच्या तोंडात टाकली. खुंटा धरला. म्हणाली,

*कौसा माझी मैतरीण ग, पोथी शेवट नसलेली…*

आणि थांबली. जातं अर्ध्या फेरीवर उभं राहिलं.

"पुढं?" मी विचारलं.

"तू सांग. शेवट लावायची सवय तुला."

मी तोंड उघडलं. भाऊ बांधावर भेटवले होते मी, विहिरीला पाणी लावलं होतं, सुमतीला घरी आणलं होतं. या एका ओळीला काही सुचेना. जात्याच्या तोंडातली डाळ दिसत होती. ठकूची बोटं खुंट्यावर थांबलेली होती, डोळे माझ्याकडं.

मी पुढं सरकले आणि तिच्या हातावर माझा हात ठेवला. जातं दोघींच्या हातांनी फिरायला लागलं. ओळ तेवढीच राहिली.